लेक मीडचा तळ: गाळ नेमका बसलाय कुठे?

उन्हाळ्यात उजनी धरण मायनसमधे, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खाली, गेलं की दरवर्षी तीच चर्चा सुरू होते, धरणात गाळ किती झालाय, काढला तर अजून किती टीएमसी मावेल. मी पाण्याखालच्या सर्व्हेचं काम करतो म्हणून लोक मलाही विचारतात आणि मी प्रत्येक वेळी उलट विचारतो की किती ते नंतर बघू, आधी सांगा तो बसलाय कुठे? त्यावर समोरचा माणूस बहुतेक वेळा हाताने सपाट खूण करतो, म्हणजे पाण्याच्या पिंपाच्या बुडाशी बसतो तसा, सगळीकडे सारखा थर. हे चित्र आपल्या डोक्यात इतकं पक्कं आहे की ते कुणी तपासतही नाही. पण ते तपासलं गेलंय, एका फार मोठ्या धरणाच्या तळावर, सोनारने (पाण्यात आवाज सोडून तो परत कसा येतो ते टिपणारं यंत्र) जवळजवळ पूर्ण तळाचं चित्र काढून. ते प्रकरण इथे सविस्तर लिहितोय कारण माझ्या मते धरणाच्या गाळावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा तरी नीट समजून घ्यायला हवं.

धरण म्हणजे अमेरिकेतलं हूव्हर धरण, कोलोराडो नदीवर, नेवाडा आणि ॲरिझोना या दोन राज्यांच्या हद्दीवर, उंची २२१ मीटर. १९३५ मधे पाणी अडवायला सुरुवात झाली आणि मागे जो तलाव तयार झाला तो लेक मीड. ग्रँड कॅन्यनच्या तोंडापासून ते ब्लॅक कॅन्यनमधल्या भिंतीपर्यंत याची लांबी १८३ किलोमीटर. सुरुवातीची क्षमता सव्वातीन कोटी एकर-फूट (एक एकरावर एक फूट उभं राहील एवढं पाणी म्हणजे एक एकर-फूट), आपल्या हिशोबात साधारण चौदाशे टीएमसी, म्हणजे बारा उजनी. आजूबाजूला मोहावी वाळवंट, पाऊस नावालाच. लास वेगास शहराचं जवळपास ९० टक्के पाणी याच तलावातून येतं. आकार पण लक्षात घ्या कारण पुढे सगळं त्यावरच येणार आहे, हा एक सलग गोल तलाव नाही, चार रुंद खोरी आणि त्यांना जोडणाऱ्या अरुंद घळी, माळेत मणी ओवल्यासारखं. पूर्वेकडून नदी आत येते, पश्चिमेला भिंत. उत्तरेला ओव्हरटन आर्म नावाचा एक लांब फाटा आहे ज्यात व्हर्जिन आणि मडी या दोन नद्या येतात.

कोलोराडो ही जुन्या काळापासून प्रचंड गढूळ नदी, नावाचा अर्थच लालसर रंगाची. धरण बांधलं तेव्हापासूनच सगळ्यांना काळजी होती की हे किती वर्षांत भरेल. त्यामुळे १९४८-४९ मधे, म्हणजे जेमतेम १४ वर्षांनी, एक मोठा सर्व्हे झाला आणि त्यात निघालं की सुमारे १४ लाख एकर-फूट जागा गाळाने खाल्लीय, वजनात म्हणाल तर साधारण २०० कोटी टन. मग १९६३-६४ मधे पुन्हा मोजलं तर आकडा २७ लाख एकर-फुटांवर गेलेला. हे २७ लाख टीएमसीत करून बघा, साधारण ११७ येतात. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी! म्हणजे तीसेक वर्षांत लेक मीडने एक अख्खं उजनी गाळात घालवलं. त्यानंतर मात्र चित्र बदललं कारण मार्च १९६३ मधे वरच्या बाजूला ग्लेन कॅन्यन धरणाची दारं बंद झाली आणि वरचा बराचसा गाळ तिथेच अडकायला लागला.

हे जुने सर्व्हे वाईट नव्हते, त्या काळाच्या मानाने तर फारच चांगले होते. पण खोली मोजणारा सर्व्हे म्हणजे शेवटी रेषांचा सर्व्हे. नदीला आडव्या ठराविक रेषा, त्या रेषेवर खोली मोजायची आणि दोन रेषांच्या मधे काय असेल ते हिशोबाने भरायचं. जुना नकाशा वजा नवीन नकाशा, राहिला तो गाळ. यातून एक आकडा मिळतो आणि तो आकडा धरणाच्या कारभाराला पुरतोही. पण तळ कसा दिसतो, गाळ कुठे संपतो आणि मूळ जमीन कुठे सुरू होते, हे त्यातून दिसत नाही.

दुसऱ्या बाजूला लेक मीडवर प्रदूषणाचं संशोधन भरपूर झालेलं. पाण्यात, चिखलात, माशांत कुठली रसायनं आहेत, किती आहेत, यावर रिपोर्टवर रिपोर्ट. लास वेगासचं वापरून शुद्ध केलेलं पाणी लास वेगास वॉश नावाच्या ओढ्याने याच तलावात परत येतं आणि १९९७ मधे तलावाच्या पाण्यात परक्लोरेट नावाचं रसायन सापडल्यावर तर सगळ्यांचं लक्ष तिकडेच गेलं. आता विचार करा, तुम्हाला चिखलाचा नमुना घ्यायचाय पण चिखल कुठे आहे याचा नकाशाच नाही, तर तुम्ही नमुना घेणार कुठून? अंदाजाने यंत्र खाली सोडायचं, कधी चिखल येतो कधी नुसते दगडगोटे. बारीक चिकणमातीला रसायनं चिकटतात, त्यामुळे चिकणमाती कुठे जाऊन बसते हे कळणं ही पहिली पायरी होती आणि तीच चढायची राहून गेलेली.

तर ही पायरी चढायला युएसजीएस, म्हणजे अमेरिकेचं भूगर्भ सर्वेक्षण खातं, आणि लास वेगासचं नेवाडा विद्यापीठ एकत्र आले. १९९९ ते २००१ या काळात काम झालं, सुरुवात पश्चिम भागापासून. २००३ मधे ट्विचेल, क्रॉस आणि बेल्यू यांचा रिपोर्ट आला, सोबत सगळा जीआयएस डेटा, म्हणजे नकाशांचा संगणकी डेटा, उघड दिलेला. हा उघडेपणा मला मनापासून आवडतो. कुणीही डेटा उघडून स्वतः बघू शकतं की यांनी म्हटलंय ते चित्रात खरंच दिसतंय का.

साधनं मुख्यतः दोन होती आणि ही जोडी समजली की प्रकरण निम्मं समजलं. पहिलं साइड स्कॅन सोनार. बोटीमागे केबलने एक टॉर्पेडोसारखा तुकडा ओढायचा, त्याला आम्ही फिश म्हणतो. तो दोन्ही बाजूंना आवाजाचा पंख्यासारखा पट्टा टाकतो आणि तळावरून परत आलेला आवाज नोंदवतो. खडक, गोटे, खडबडीत जमीन असेल तर आवाज जोरात परत येतो, मऊ चिखल असेल तर बराचसा आत शिरतो किंवा पुढे निघून जातो, परत कमी येतो. मग स्क्रीनवर खडक उजळ आणि चिखल काळपट (काही लोक रंग उलटे ठेवतात, म्हणून कुणाचंही चित्र बघताना आधी ते विचारून घ्यावं). अशा पट्ट्या शेजारी शेजारी जुळवल्या की मोझॅक तयार होतं, विमानातून काढलेल्या फोटोसारखं, फक्त उजेडाच्या जागी आवाज.

सोपं वाटतं, पण नाही. एक पिंग, म्हणजे सोनारने सोडलेला आवाजाचा एक ठोका, दीडशे मीटर लांब जाऊन परत यायला साधारण ०.२ सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला पाचच पिंग. बोट सेकंदाला अडीच मीटर चालली तर दर अर्ध्या मीटरला एक ओळ. बोट जोरात पळवली तर ओळी विरळ होतात आणि बारीक गोष्टी मधल्या मधे गायब. परत फिश तळापासून एका ठराविक उंचीवर ठेवावा लागतो, साधारण बाजूच्या रेंजच्या १०-२० टक्के, म्हणजे दीडशे मीटरच्या रेंजला १५ ते ३० मीटर. सपाट तळावर हे जमतं. लेक मीडसारख्या ठिकाणी जिथे खोऱ्यातून एकदम घळ लागते आणि दोन्ही बाजूला उभे कडे, तिथे फिश वर घ्या खाली सोडा हे दिवसभर चालतं आणि कड्यावरून येणारा आवाज तळाच्या आवाजात मिसळतो तो वेगळाच. अजून एक, जीपीएस बोटीवर असतो आणि फिश मागे कुठेतरी. १०० मीटर केबल सोडली असेल तर फिश जवळपास तेवढाच मागे. ही दुरुस्ती केली नाही तर जाताना एक दगड एका जागी दिसतो आणि उलट दिशेने येताना तोच दगड दोनशे मीटर लांब दिसतो. आमच्या धंद्यातल्या नवीन मुलांना मी हेच आधी शिकवतो, एकच खूण दोन्ही दिशांनी घ्या, जुळत नसेल तर पुढची लाईन मारूच नका.

मग आवाजाचा वेग. गोड्या पाण्यात १० अंश तापमानाला तो सेकंदाला साधारण १४४७ मीटर, २५ अंशाला साधारण १४९७. फरक ५० चा, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त. १०० मीटर खोलीवर ही चूक तीन मीटरच्या वर जाते आणि लेक मीड भरलेला असताना भिंतीजवळ दीडशे मीटरहून खोल आहे, वर उन्हाने तापलेलं पाणी आणि खाली थंड. त्यामुळे पाण्याच्या थरांचं तापमान मोजल्याशिवाय खोलीचा आकडा छापायचाच नाही.

सावलीबद्दल थोडं जास्त लिहितो कारण साइड स्कॅनमधे खरी मजा तिथेच आहे. वर आलेल्या वस्तूच्या मागे आवाज पोचत नाही, तिथे काळी सावली पडते आणि सावलीवरून उंची काढता येते. समजा फिश तळापासून २० मीटर वर आहे, सावलीचं टोक १०० मीटरवर आहे आणि सावली १५ मीटर लांब, तर उंची १५ गुणिले २० भागिले १०० म्हणजे ३ मीटर. खड्डा असेल तर बरोबर उलटं, आधी जवळच्या कडेला काळं आणि मग लांबच्या कडेला उजळ. हे मी पहिल्यांदा स्वतः ओळखलं ते आपल्याकडच्या एका जुन्या तलावात काम करताना. स्क्रीनवर एक छोटं वर्तुळ आलं, आत अर्धं काळं अर्धं उजळ, शेजारी एक सरळ बारीक रेघ. दोन मिनिटं बघत बसलो आणि मग उलगडलं की ही विहीर आहे, दगडी बांधलेली, आणि ती रेघ म्हणजे पाटाची. कुणाची तरी मळ्याची विहीर, तीसेक वर्षं पाण्याखाली, आणि तोंड अजून उघडं! गाळाने भरलेली नव्हती. त्याच दिवशी पुढे एका बुडालेल्या बाभळीत फिश अडकला आणि सोडवताना केबलचं जोड गेलं, दोन दिवस काम बंद. पण माझ्या डोक्यात विहीरच घोळत होती. जर गाळ सगळीकडे सारखा बसतो तर ही विहीर बुजली का नाही?

याचं उत्तर मला लेक मीडच्या रिपोर्टात मिळालं. पण त्याआधी दुसरं साधन. चर्प सोनार. हा आवाज सरळ खाली सोडतो, खालच्या पट्टीतून वरच्या पट्टीत चढत जाणारा आवाज, पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा, म्हणून ते नाव. साइड स्कॅनपेक्षा याची फ्रिक्वेन्सी कमी असते, त्यामुळे तो मऊ गाळाच्या आत शिरतो आणि आतल्या प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. म्हणजे गाळाचा वरचा पृष्ठभाग, मधले थर आणि सगळ्यात खाली धरणाच्या आधीचा मूळ तळ, तिन्ही एकाच चित्रात. गाळात आवाजाचा वेग सेकंदाला दीड हजार मीटर धरला तर ३५ मीटर जाड थराच्या बुडापर्यंत जाऊन यायला साधारण ४७ मिलीसेकंद. तेवढ्यात जाडी कळते.

हे का महत्त्वाचं ते सांगतो. जुना नकाशा वजा नवीन नकाशा या पद्धतीत जुन्या नकाशाची चूक पूर्णच्या पूर्ण तुमच्या उत्तरात येते. आपल्याकडच्या कितीतरी धरणांचे मूळ समोच्च (सारख्या उंचीच्या रेषांचे) नकाशे फार ढोबळ आहेत, त्यातून वजाबाकी केली की कधी कधी गाळ उणे येतो, म्हणजे धरण बांधल्यावर तळ आणखी खोल झाला असं उत्तर! चर्पला जुन्या नकाशाची गरजच नाही, तो जुना तळ प्रत्यक्ष दाखवतो. मर्यादा त्यालाही आहेत. जाड वाळूत आवाज फार खोल जात नाही, आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातून गाळात गॅस धरला असेल तर आवाज तिथेच अडतो, खालचं सगळं पांढरं धुकं. पण चिकणमाती आणि पोयटा (वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड गाळ) असेल तर याच्यासारखं साधन नाही.

आता निकाल. साइड स्कॅनच्या मोझॅकवर दोन प्रकारचा तळ अगदी वेगवेगळा दिसला. एक अरुंद, गुळगुळीत, काळपट पट्टा, तलावाच्या मधून वळणं घेत जाणारा. आणि त्याच्या दोन्ही बाजूला उजळ, खरखरीत, नक्षीदार जमीन. काळा पट्टा म्हणजे कोलोराडोचं जुनं पात्र, गाळाने भरलेलं. आणि उजळ जमीन म्हणजे चक्क जुनं वाळवंट! डोंगरपायथ्याशी पंख्यासारखे पसरलेले गोट्या-वाळूचे उतार, त्यावरून उतरणारे कोरडे ओढे, उघडे खडक, सगळं साठ-पासष्ट वर्षं पाण्याखाली राहूनही तसंच उघडं. धरणानंतरचा गाळ जवळपास फक्त जुन्या नद्या-ओढ्यांच्या पात्रांतच बसलेला, तलावाच्या कडेच्या भागात तो दिसतच नाही. मुख्य पात्रात थर सलग, बहुतेक लांबीत १० मीटरहून जाड, काही ठिकाणी ३५ मीटरहूनही जास्त, म्हणजे दहा-अकरा मजली इमारत गडप होईल एवढा. बाजूच्या लहान ओढ्यांत मात्र सहसा चार मीटरपेक्षा कमी.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ती वाक्यं दोनतीनदा परत वाचली. एकाच तलावात एका जागी ३५ मीटर आणि तिथून थोडं बाजूला शून्य. अशा जागी सरासरी जाडीचा आकडा काढून काय करणार, तसा थर तळावर शोधायला गेलात तर कुठेच सापडणार नाही.

हे असं का होतं याचं कारण १९३५ पासूनच लोकांना थोडं थोडं दिसत होतं. नवीन तलाव, वरून पाणी निळं स्वच्छ, आणि धरणाच्या खालच्या दारातून मात्र गढूळ पाणी बाहेर यायला लागलं. आलं कुठून? तर गढूळ पुराचं पाणी स्वच्छ पाण्यापेक्षा जड असतं. ते तलावाच्या तोंडाशी आलं की वरून पसरत नाही, सरळ बुडी मारतं आणि तळाशी जाऊन उतारावरून पुढे वाहत राहतं. पाण्याखाली पाण्याची नदी. आणि नदी म्हटल्यावर ती सगळ्यात खोल वाटेनेच जाणार, म्हणजे जुन्या पात्रातून, अगदी पूर्वी जायची तशीच. इंग्रजीत याला टर्बिडिटी करंट म्हणतात, मराठीत गढूळ तळप्रवाह म्हणायला हरकत नाही. लेक मीडमधे हे प्रवाह तलावाच्या पूर्ण लांबीभर धावलेत. जाताना आधी वाळू टाकतात, मग पोयटा, आणि सगळ्यात शेवटी चिकणमाती.

युएसजीएसच्या याच गटाने नंतर गाळात पाइप घुसवून नमुने काढले आणि २००५ मधे त्यावर शोधनिबंध आला. पूर्वेच्या खोऱ्यात वाळू जास्त, मधल्या खोऱ्यांत पोयटा, भिंतीजवळच्या पश्चिमेच्या खोऱ्यात बहुतांश चिकणमाती. चर्पच्या चित्रातही हाच फरक उतरलाय, पूर्वेला थर उंचसखल, तुटक, मधे जाड-बारीक रेघांचे सलग पट्टे आणि पश्चिमेला अगदी आडवे एकसारखे, वहीच्या पानावरच्या ओळींसारखे. दोन्ही बाजूला उतरते काठ आणि मधे आडव्या ओळी, जणू कुणी दरीत पातळी लावून गाळ ओतलाय. चिकणमाती भिंतीजवळ, आणि रसायनं चिकणमातीला चिकटतात, म्हणजे नमुना कुठून घ्यायचा या मूळ प्रश्नाचंही उत्तर त्यात आलं.

कडेच्या जमिनीवर गाळ का नाही तेही यातूनच कळतं. वरून संथपणे खाली बसणारा गाळ इथे फार कमी, कारण गढूळ पाणी बहुतेक वेळ कडेला येतच नाही. आणि काठावरचे ओढे वाळवंटातले, पूर येतो तो कधीतरी, त्यांनी आणलेला माल त्यांच्याच पात्रात राहतो.

याला एक वेगळीच साक्ष आहे. २१ जुलै १९४८ ला बी-२९ जातीचं एक विमान, वातावरणाच्या संशोधनासाठी उडणारं, तलावावरून फार खालून जाताना पाण्याला आपटलं आणि ओव्हरटन आर्ममधे बुडालं. पाचही जण वाचले. विमान मात्र सापडलं थेट २००१ मधे, खाजगी पाणबुड्यांना, साइड स्कॅन सोनारनेच. ते काम युएसजीएसचं नव्हे, वेगळं. पण मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की ५३ वर्षांनी ते सोनारवर दिसू शकलं, म्हणजे ते गाळाखाली गाडलं गेलेलं नव्हतं. माझी विहीर आणि ते विमान, माझ्या डोक्यात दोन्ही एकाच कप्प्यात आहेत. त्याच फाट्याच्या वरच्या टोकाला सेंट थॉमस नावाचं गाव होतं, १८६५ मधे वसलेलं, १९३८ मधे पाणी चढलं तेव्हा शेवटचा माणूस होडीतून बाहेर पडला. २००० नंतरच्या दुष्काळात पाणी उतरलं तसे त्याचे पाये, पायऱ्या, धुराडी बाहेर आली. उजनीत पाणी खाली गेलं की पळसदेवचं मंदिर वर येतं आणि लोक बघायला जातात, अगदी तसंच. बुडालेल्या गावठाणावर पन्नास-साठ वर्षांनी काय राहतं हे ज्यांचं गाव गेलंय त्यांना विचारा, त्यांना आपल्या घराचं जोतं कुठे आहे ते आजही बोट दाखवून सांगता येतं.

आता आपल्याकडे याचं काय. इथे मी सावध राहणार, कारण लेक मीडचं उत्तर उचलून उजनीला किंवा जायकवाडीला लावणं ही पण एक चूकच होईल. लेक मीड म्हणजे खोल घळी, उभे काठ, कोरडं हवामान. आपल्याकडची ही दोन मोठी धरणं उथळ आणि पसरट, पाणलोटात काळी माती, चार महिने पाऊस, आणि काठावरचा प्रत्येक ओढा पावसाळ्यात गढूळ होऊन येतो. परत पाण्याची पातळी वर्षात इतकी वरखाली होते की फुगवट्याच्या मोठ्या पट्ट्यात लोक गाळपेर करतात, तिथे हरभरा-गहू निघतो. गाळपेर जमीन हा शब्दच सांगतो की आपल्याकडे कडेलाही गाळ बसतो. वाऱ्याने लाटा येतात, त्या काठ खणून माती आत नेतात. त्यामुळे आपल्याकडे काळा पट्टा एवढा ठळक नसेल, कडेची जमीन एवढी उघडी नसेल.

पण भौतिकशास्त्र तेच आहे. जड गढूळ पाणी इथेही खोल वाटेनेच जाणार. भीमेच्या जुन्या पात्रात किती बसलंय आणि कडेच्या जुन्या शेतांवर किती, हे वेगळं वेगळं कळलं तरच पुढचं बोलता येईल. उजनीच्या ११७ टीएमसीत जवळपास ६४ टीएमसी मृत साठा (नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी) आहे, आणि जुनं पात्र म्हणजे सगळ्यात खोल भाग, म्हणजे पात्रातला गाळ आधी मृत साठा खाणार. कडेचा गाळ खातो तो उपयुक्त साठा. दोन्हीला एकच टक्केवारी लावली तर शेतकऱ्याला त्याच्या आवर्तनात नक्की किती फरक पडला ते कधीच कळणार नाही. २०१७ मधे सुरू झालेल्या गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत गाळ काढला जातो तो पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या भागातून, दुसरीकडून काढणार तरी कसा. शेतकऱ्याला चांगली माती मिळते, लहान तलावांना खरोखर फायदा होतो, ते मी डोळ्याने पाहिलंय. पण मोठ्या धरणात जर जाड थर पात्रात तीस-चाळीस मीटर पाण्याखाली असेल तर तिथे जेसीबी पोचत नाही, आणि मग किती लाख घनमीटर काढला या आकड्याचा धरणाच्या एकूण गाळाशी संबंध काय, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं. मोजायची साधनं आता परदेशातून मागवून कौतुकाने बघायची राहिलेली नाहीत, आपल्याकडे आहेत, चालवणारी माणसं पण आहेत. कामाच्या मागणीपत्रात मात्र अजूनही बहुतेक वेळा फक्त खोली आणि क्षमता एवढंच असतं. त्यात साइड स्कॅन आणि चर्पची एक ओळ वाढवायला मी जिथे जिथे काम केलं तिथे सांगत आलोय.

लेक मीडचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं, कारण नकाशा काढला आणि गोष्ट थांबली असं नाही. सर्व्हे झाला तेव्हा तलाव बऱ्यापैकी भरलेला होता. २००० पासून पाणी उतरत गेलं ते जुलै २०२२ मधे समुद्रसपाटीपासून सुमारे १०४० फुटांवर आलं, तलाव भरायला लागल्यापासूनची सगळ्यात कमी पातळी, २००० च्या सुरुवातीपेक्षा पन्नासेक मीटर खाली. तेव्हा बोटीखाली असलेला बराच तळ आता उन्हात आहे. सोनारवर उजळ दिसलेल्या जमिनीवरून आज माणूस चालत जाऊ शकतो आणि आवाजाने सांगितलेलं खरं का ते पायाने तपासू शकतो. दुसरीकडे नदीच्या तोंडाशी साठलेला जुना गाळ उघडा पडला आणि नदी त्यालाच कापत कापत पुढे न्यायला लागली, म्हणजे एकदा बसलेला गाळ उठून पुन्हा आणखी खोल भागाकडे निघाला. पियर्स फेरीजवळ तर नदी गाळ कापताना जुन्या वाटेवरून सरकून एका खडकाच्या कडेवर गेली आणि तिथे नवीनच धबधब्यासारखा खळाळ तयार झाला, तराफे घेऊन येणाऱ्यांना आता तो टाळावा लागतो.

आमच्यापुरतं सांगतो, या प्रकरणानंतर मी कामाचा क्रम बदललाय. पूर्वी थेट आडव्या लाईनींनी सुरुवात करायचो. आता कुठल्याही धरणावर पहिला दिवस जुन्या पात्रासाठी ठेवतो. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला आणि एका कोळ्याला बोटीत घेतो, नदी कुठून जायची, डोह कुठे होता, उतार कुठे होता ते त्यांच्याकडून समजून घेतो आणि भिंतीपासून फुगवट्यापर्यंत एक लांब लाईन पात्रातूनच मारतो, चर्प चालू ठेवून. गाळाचा पृष्ठभाग वर आणि जुनी नदी खाली, अशा दोन रेघा स्क्रीनवर एकमेकींपासून लांब जायला लागल्या की मग ठरवतो आडव्या लाईनी कुठे घ्यायच्या.